वडावरची वटवाघळं घालवायची का? काका फटाके घेऊन तयार आहेत

चाकरमानी_ठाणे

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचं घर राजापूर तालुक्यात, आता तिथे काका-काकूच असतात, आम्ही आपले गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. घरामागे गडग्याला लागून एक जुना वड आहे, आजोबांच्या आधीचा, आणि त्यावर वटवाघळं आहेत. पाच-पन्नास नव्हे हो, मी एकदा संध्याकाळी खळ्यात खुर्ची टाकून मोजायला बसलो तर चारशेच्या पुढे नाद सोडला. लहानपणापासून बघतोय त्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटत नाही, उलट दिवेलागणीला ती उठायला लागली की आजी म्हणायची चला आता हातपाय धुवा.

पण यंदा काकांनी ठरवलंय की ती घालवायची. कारणं तीन. विहिरीवर घाण पडते. हापूसची कलमं शंभर पावलांवर आहेत आणि वाघळं आंबे खातात. आणि तिसरं म्हणजे कुणीतरी फॅमिली ग्रुपवर निपाह विषाणूचा मेसेज टाकला, तेव्हापासून काकूंनी पण काकांची बाजू घेतली, मग विषयच संपला. सुतळी बॉम्बचे दोन बॉक्स आणून ठेवलेत, आणि नाही गेली तर फांद्या उतरवायला माणूस सांगितलाय.

मी गेल्या आठवड्यात जाऊन आलो, दुर्बिणीतून बघितलं तर बऱ्याच जणींच्या पोटाला पिल्लं चिकटलेली दिसली, तेव्हापासून माझं मन लागत नाहीये. पण काकांना "बिचारी आहेत" वगैरे सांगून उपयोग नाही, ते शेतकरी माणूस. फटाक्यांनी ती खरंच जातात का? खरंच किती आंबे खात असतील? आणि मला लहानपणापासून पडलेला प्रश्न, एवढी सगळी रात्रभर जातात कुठे आणि करतात काय?

---

रानभूल

आधी फटाक्यांचं. थांबवा त्यांना, आणि यंदाच्या सीझनला तर नक्कीच. या मोठ्या वटवाघळाला वर्षाला एकच पिल्लू होतं, गरोदरपण साधारण पाच महिन्यांचं, आणि आपल्याकडे बाळंतपणं फेब्रुवारी ते मे मधली. सुरुवातीचे काही आठवडे आई पिल्लाला पोटाशी घेऊनच उडते, नंतर ते जड झालं की वडावर ठेवून जाते. आता बॉम्ब लावलात तर थवा उठेल, अर्धी पिल्लं खाली पडतील आणि विहिरीवरची घाण परवडली असं काकांना वाटेल. शिवाय ती कायमची जातीलच असं नाही, दोन दिवस शेजाऱ्याच्या चिंचेवर बसतील आणि परत येतील. वर्षानुवर्षं एकाच झाडावर राहणारा प्राणी आहे, त्याला ते झाड म्हणजे घर.

आता रात्री काय करतात ते. सूर्य बुडाला की अर्ध्या-पाऊण तासात सगळी बाहेर, आधी बऱ्याचदा नदीच्या कोंडीवर किंवा तळ्यावर खाली येऊन पोट पाण्याला घासतात, वर जाऊन लटकतात आणि ओले केस चाटतात, ते त्यांचं पाणी पिणं. मग पांगतात. एका रात्रीत दहा-वीस किलोमीटर म्हणजे त्यांना काहीच नाही, पंख पसरले की चार-पाच फूट भरतात. आणि हो, ही अंधारात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर उडतात हे या मोठ्या जातीला लागू नाही. ते तुमच्या माळ्यावरच्या पाकोळ्यांचं, ज्या किडे खातात. मोठ्या वटवाघळाचे डोळे बघा दुर्बिणीतून, टपोरे असतात, ते डोळ्यांनी आणि नाकाने शोधतं. आंधळं वगैरे काही नाही.

खाणं म्हणजे वड, पिंपळ, उंबर हे मुख्य. उंबरांची मजा अशी की जंगलातली सगळी झाडं एकदम पिकत नाहीत, आज हे, पंधरा दिवसांनी पलीकडच्या ओढ्यातलं, त्यामुळे बारा महिने कुठे ना कुठे पिकलेलं मिळतंच, आणि ते कुठे हे शोधण्यातच यांची अर्धी रात्र जाते. फळ तोंडात घेतात, टाळूला आडव्या वळ्या असतात त्यावर जिभेने दाबून रस पितात आणि चोथा गोळी करून थुंकतात. वडाखाली ज्या सुकलेल्या चोथ्याच्या गोळ्या पडलेल्या असतात ना त्या ह्याच. बारीक बिया मात्र पोटात जातात आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर, तेही बऱ्याचदा उडता उडता. पक्षी बहुतेक फांदीवर बसून शिटतो म्हणून त्याची बी झाडाखालीच पडते, वाघूळ मोकळ्या माळावरून जाताना टाकतं. तोडलेल्या, जळलेल्या जंगलात पुन्हा झाडं येतात त्यात याचा मोठा वाटा आहे. तुमच्या गडग्यावरचा तो वड तरी कुणी मुद्दाम लावलाय का विचारा काकांना.

---

आबा_तळकोकण

रानभूल बरोबर बोललेत पण त्यांनी काजू सोडला. आम्ही लहान असताना काजीच्या दिवसात आये फाटफटी उठवायची, म्हणायची, "उठ रे झिला, वाघळांनी रातचा काम केलेला हा, जा बियो वेचून हाड." वाघूळ बोंडू तोडून दुसऱ्या झाडावर घेऊन जातं, तिथे निवांत लटकून बोंडू चोखतं आणि बी खाली टाकतं. त्याला बीचं काय करायचंय, वर ते तेल तोंडाला लागलं की भाजतं. मग आमच्या सड्यावरच्या एका आंब्याखाली काजूच्या बियांचा सडा. काजी दुसऱ्याच्या बागेतल्या आणि बियो आमच्या, यावरून भांडणं पण झालेली आहेत, ती वेगळी गजाल.

तसंच उंडीचं. किनाऱ्याच्या गावांत उंडीची फळं वाघळंच उचलून नेतात, वरचा पातळ गर खातात आणि गोट्यांसारख्या कडक बिया एका जागी पाडतात. पूर्वी बायका त्या गोळा करून वाळवून घाण्यावर न्यायच्या, कडू तेल निघायचं, दिव्याला आणि होडीला लावायला. झाडाखाली फिरून एकेक बी वेचायची झाली असती तर कंबर मोडली असती, वाघळाने ढीग घालून ठेवलेला. मजूर म्हणायचा तर बिनपगारी.

आंब्याचं म्हणाल तर तुमच्या काकांना एकच विचारा, हापूस तुम्ही झाडावर पिकवता का?

---

चाकरमानी_ठाणे

आबा, नाही ना. तयार कैरी उतरवतो आणि अढीत घालतो. अरे हो की.

---

आबा_तळकोकण

बघा. वाघळाला कच्ची कैरी नको, त्याला पाड, म्हणजे झाडावर पिकलेला आंबा, पाहिजे. पाड लागला म्हणजे तुमची तोडणी एक दिवस उशिरा झाली, एवढाच त्याचा अर्थ. शेंड्यावर घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) पोचला नाही म्हणून राहिलेले पाच-दहा आंबे जातात, ते तसेही खाली पडून फुटणार. आमच्याकडे माकडं किती खातात त्याचा हिशेब मांडला तर वाघूळ देवमाणूस आहे.

---

स्पष्टवक्ता

सगळ्यांना फार उमाळे आलेत म्हणून जरा दुसरी बाजू. आमच्या डहाणूकडे चिकूच्या बागा आहेत, चिकू पण कच्चा काढतात हे मान्य, पण झाडावर राहिलेलं गोड फळ वाघूळ सोडत नाही आणि पेरूवाल्याला विचारा तो काय म्हणतो ते. पुण्यात माझ्या बहिणीच्या सोसायटीत पावसाळ्यात रोज सकाळी गाड्यांच्या टपावर त्या उंच अशोकाच्या बियांचा खच आणि भिंतीवर पिवळे ओघळ. वास, रात्रभर कलकलाट, विहिरीचं पाणी. हे ज्याच्या अंगावर येतं त्यालाच कळतं, ठाण्यात बसून दुर्बिणीतून बघणं सोपं आहे. आणि निपाह हा काय व्हॉट्सॲपने शोधून काढलेला नाही. महाबळेश्वरच्या गुहेत सापडला होता ना?

---

डॉ_गुरांचा

मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नाही, पण हा विषय आमच्याही अभ्यासात येतो म्हणून लिहितो. स्पष्टवक्ता यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाहीच.

महाबळेश्वरचं नीट सांगतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये तिथल्या एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले, २०२१ मध्ये बातमी आली की काहींमध्ये निपाहविरोधी अँटिबॉडी सापडल्या. अँटिबॉडी म्हणजे त्या प्राण्याचा कधीतरी त्या विषाणूशी संबंध आला होता, गुहेतून साथ निघाली असा त्याचा अर्थ होत नाही. आणि ती गुहेत राहणारी जात वेगळी, तुमच्या वडावरची वेगळी. पण म्हणून मोठं वटवाघूळ सुटलं असं नाही, निपाहचा मूळ आसरा आपल्याकडे तेच मानलं जातं. केरळात २०१८ मध्ये कोझिकोडच्या साथीत १७ माणसं गेली, आणि तिथल्या वटवाघळांत विषाणू मिळाला.

आता हा विषाणू माणसापर्यंत येतो कसा ते बघा. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांचे गोठे आणि फळझाडं एकाच आवारात होती, वाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं खाली पडली, ती डुकरांनी खाल्ली, डुकरांकडून माणसांना, शंभरावर लोक मेले आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. बांगलादेशात शिंदीचा, म्हणजे खजुरीच्या झाडाचा कच्चा रस, रात्री मडकं उघडं, वाघूळ येऊन चाटतं, सकाळी माणूस तसाच पितो. दोन्हीकडे वाघळाची लाळ-मूत थेट खाण्यापिण्यात आलंय. झाडाखालून चालत गेल्याने नाही होत.

म्हणून काकूंसाठी सूचना, सोप्या आहेत. उष्टावलेलं, चोचलेलं, दात लागलेलं फळ खायचं नाही, पोरांना तर हातही लावू देऊ नका, डुकरं-गुरांनाही ते घालायचं नाही. बाकी फळं धुऊन, साल काढून. विहिरीला जाळी नाहीतर पत्र्याचं झाकण, आणि प्यायचं पाणी उकळून. कुणाकडे माडी-नीरा काढत असतील तर मडक्याचं तोंड बांधायचं. खाली पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने उचलायचं नाही, चावलं तर रेबीजसाठी लगेच दवाखाना, घरगुती उपाय करत बसू नका. काही लोक दम्यावर म्हणून वाघूळ शिजवून खातात, ते तर अजिबातच नको.

आणि काकांच्या बॉम्बबद्दल. ऑस्ट्रेलियात हेंड्रा नावाचा निपाहचा भाऊबंद आहे, त्यावर बरीच वर्षं काम झालंय. जंगल कमी झालं, फुलोरा आला नाही, वाघळं उपाशी राहिली आणि गावाजवळच्या झाडांवर लहान लहान टोळ्यांनी येऊन बसली की त्या काळात ती विषाणू जास्त टाकतात असं दिसलंय. थवा फोडून चार घरांच्या चार झाडांवर वाटून द्यायचा म्हणजे निपाहच्या भीतीपोटी नेमकं उलटं करायचं.

---

पोर्टलुईस_रिटर्न

फळबागेसाठी वाघळं मारायचा प्रयोग एका अख्ख्या देशाने करून बघितलाय म्हणून लिहितोय. मी कामानिमित्त काही वर्षं मॉरिशसला होतो. तिथे आपली मराठी मंडळी पिढ्यान् पिढ्या आहेत, घरात गणपती असतो आणि अंगणात लिचीचं झाड. लिचीवर तिथलं वटवाघूळ येतं, आणि लिची हापूससारखी कच्ची काढता येत नाही, झाडावरच पिकते, त्यामुळे नुकसान खरंखुरं होतं, लोकांचा राग खोटा नाही. सरकारने २०१५ आणि २०१६ मध्ये मिळून ३८ हजारांवर वाघळं मारली. लिची काही वाढली नाही. वाघूळ मात्र जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत २०१८ मध्ये एक पायरी आणखी वर चढलं.

यात वाईट काय तर, त्या बेटावर डोडो गेला, मोठी कासवं गेली, मूळचं जंगल जेमतेम दोन टक्के राहिलंय आणि त्यातली मोठ्या बियांची फळं उचलून नेणारं एवढंच एक जनावर शिल्लक आहे. त्याला जंगलात खायला उरलं नाही म्हणून ते अंगणात येतं. माझे शेजारी, वय सत्तर, झाड छाटून बुटकं ठेवायचे आणि वर जाळी टाकायचे, त्यांची लिची आम्ही सगळे खायचो. शेजारच्या उंच झाडाखाली मात्र संध्याकाळी डबे बडवायचा कार्यक्रम. जाळी घट्ट ताणून बांधायची पण, सैल असली की वाघूळ अडकून मरतं.

---

कडेकपारी

थोडं अवांतर, पण मुंबईकरांना आवडेल. तामिळनाडूत मेघमलाईच्या डोंगरात, पूर्वीच्या हाय वेव्ही माउंटन्समध्ये, १९४८ साली अँगस हटन नावाच्या मळेवाल्या निसर्गप्रेमीने एक फळखाऊ वाघूळ पकडून मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. इथे ते नेहमीच्या छोट्या जातीचं समजून ठेवून दिलं गेलं. चोवीस वर्षं तसंच पडून. मग १९७२ मध्ये किट्टी थोंगलोंग्या हे थायलंडचे शास्त्रज्ञ ते नमुने बघत होते, त्यांच्या लक्षात आलं की ही नुसती नवी जात नाही, अख्खा नवीन वंश (जीनस) आहे, आणि त्यांनी नाव दिलं सालिम अलींचं. नंतर जिवंत वाघूळ परत दिसायला १९९३ उजाडावं लागलं. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाची सदाहरित रानं सोडून जगात कुठेही नाही. फळखाऊ असून गुहा-कपारीत राहतं.

आणि छोट्या जातीवरून आठवलं, कोकणात भेरली माडाच्या लोंबणाऱ्या घोसात कधी खालून टॉर्च मारून बघा. तो आखूड नाकाचा नर घोसातल्या मधल्या काड्या महिना-महिना कुरतडून आत घंटेसारखी पोकळी करतो, आणि मग तिथे दहा-बारा बायकांचा संसार. सगळं घर बांधेपर्यंत एकटा.

---

स्पष्टवक्ता

@कडेकपारी आमच्याकडे घर बांधून झालं तरी एकटेच आहेत काही जण 😄

बाकी विहिरीला झाकण हे मान्य. पण रानभूल, एवढं तरी सांगा, विहिरीवरची एक फांदी सुद्धा तोडायची नाही का? झाड त्यांचं, विहीर त्यांची.

---

रानभूल

तोडा की, एक फांदी तोडायला कोण नको म्हणतंय. फक्त आत्ता नको. पावसाळा जाऊ दे, नवरात्राच्या आसपास पिल्लं स्वतंत्र झालेली असतात, तेव्हा दिवसा सावकाश विहिरीवर आलेला भाग उतरवा आणि बाकी झाडाला हात लावू नका. ती आपोआप पलीकडे सरकतात. कायद्याचं पण एक लक्षात ठेवा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वाघळं उंदीर, कावळे यांच्याबरोबर उपद्रवी यादीत होती, त्यामुळे मारलं तरी कुणी विचारत नव्हतं. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली, १ एप्रिल २०२३ पासून. म्हणजे काकांच्या डोक्यातला कायदा जुना आहे, काही करायच्या आधी वनखात्यात एक चक्कर टाकलेली बरी.

बियांबद्दल एवढं लिहिलं पण फुलं राहिलीच. टेटू माहितीय ना, लांब तलवारीसारख्या शेंगांचा? त्याची फुलं रात्री उमलतात, जाड, उग्र वासाची, आणि सकाळी गळून पडतात. मधमाशी उठायच्या आत दुकान बंद. ती वाघळांसाठीच आहेत. पांढरी सावर तशीच, मोहावर पण यांची रात्रपाळी असते, आणि मलेशिया-थायलंडकडे ज्या ड्युरियनसाठी लोक वेडे होतात तिचं फूलसुद्धा एक गुहेत राहणारं वाघूळच फळवतं. काकांना सांगू नका हे, त्यांना ड्युरियनचं काय. पण तुम्ही विचारलंत रात्रभर काय करतात म्हणून.

एक सुचवतो. वडाखाली एक जुनी ताडपत्री अंथरा आठवडाभर, काय काय पडतं ते काकांच्या समोर मोजा. वाद घालण्यापेक्षा बरं. मोजताना हातमोजे आणि तोंडाला फडकं, डॉक्टरसाहेब ओरडायच्या आत सांगतो.

---

चाकरमानी_ठाणे

उशिरा लिहितोय, मे महिन्यात जाऊन आलो, तिकडे रेंज नव्हती. सगळ्यांचे आभार. बॉम्ब वाचले, काकूंना डॉक्टरसाहेबांची पोस्ट वाचून दाखवली, त्यांना ते "झाकण घाला, उकळून प्या" एकदम पटलं कारण ते त्या वीस वर्षं सांगतायत. विहिरीवर आता लोखंडी फ्रेम आणि बारीक जाळी बसलीय, वाडीतल्याच वेल्डरकडून. फांदीचं दसऱ्यानंतर बघायचं ठरलंय.

ताडपत्री आठ दिवस ठेवली. निघालं ते असं, वडा-उंबराच्या चोथ्याच्या गोळ्या एवढ्या की मोजणं सोडलं, देशी बदामाच्या बिया ४१, बकुळीच्या दोन मुठी, जांभळाच्या बिया बऱ्याच, आणि दोन आंब्याच्या बाठी, एक रायवळ आणि एक, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, हापूसची. मी म्हटलं बघा काका, आठ दिवसांत एक. तर ती बाठ काकांनी धुऊन खळ्याच्या कठड्यावर वाळत ठेवलीय आणि येईल त्याला दाखवतात, म्हणे पुरावा आहे.

आबा, काजूच्या बियांचं मात्र त्यांनी मनावर घेतलंय. पलीकडच्या गावात कुणाच्या काजी जास्त आहेत याची चौकशी चालू आहे.